यवतेश्वरामागे उल्का पडत नाही

संध्याकाळी पश्चिमेला एखादी ठळक उल्का हिरवट रेघ ओढत गेली की साताऱ्यात कुणीतरी पश्चिमेच्या यवतेश्वर डोंगराकडे बोट दाखवून म्हणणारच, "यवतेश्वराच्या मागं पडली बघ!" उत्साही मंडळी तर कासच्या रस्त्याला गाडी काढायला निघतात. पेट्रोल वाया जाईल.

बहुतेक उल्का ८० ते १२० किलोमीटर उंचीवरच पेटतात आणि संपतात. हात लांब करून वीत ताणली तर आकाशात साधारण २० अंश मोजले जातात. क्षितिजापासून एवढ्याच उंचीवर दिसलेली उल्का ८० किलोमीटर वर असेल, तर जमिनीवरून मोजता ती आपल्यापासून २०० किलोमीटरहून लांब असते. साताऱ्यापासून समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर. म्हणजे ती जळाली अरबी समुद्रावर! शुक्रापेक्षा तेजस्वी असेल तर तिला अग्निगोल म्हणतात. इतका उजेड पाडणारा दगड मात्र बहुधा मुठीत मावेल एवढाच. पुढची हवा प्रचंड वेगानं दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेनं तो वितळून वाफ होतो. हिरवा रंग बहुतेक वेळा मॅग्नेशियमचा.

संध्याकाळच्या उल्का सहसा संथ का वाटतात? पावसात धावणाऱ्या एसटीच्या पुढच्या काचेवर थेंब आदळतात, मागच्या काचेला जेमतेम लागतात. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं सूर्याभोवती धावते आणि संध्याकाळी आपण तिच्या मागच्या काचेशी असतो. मागून गाठणाऱ्या दगडांचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरपर्यंत उतरतो. पहाटे समोरून येणारे ७२ पर्यंत जातात.

मिनिटभर रेंगाळणारे, तुकड्यातुकड्यांनी जाणारे दिवे दिसले तर उल्केचा नाद सोडा. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलेले तसे दिवे चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचं मोठं कडंही सापडलं.

उजेड फारच झगझगीत असेल तर खिडकीपाशी जाऊ नका. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ रोजी मोठा अग्निगोल आकाशात फुटला; लोक काचेपाशी बघत उभे राहिले आणि स्फोटाची धक्कालहर दोन-अडीच मिनिटांनी पोचली. जखमी झाले सुमारे दीड हजार, बहुतेक फुटलेल्या काचांनी.

यवतेश्वराच्या डोक्यावर दिसलेली तीच उल्का सांगलीच्या आयर्विन पुलावरून उत्तरेकडे सरकलेली दिसेल, वेगळ्या ताऱ्यांजवळ. दोन्हीकडच्यांनी वेळ, ती कुठल्या ताऱ्यापाशी सुरू झाली, कुठं विझली एवढं टिपलं, तर त्यावरून तिची खरी उंची काढता येते. कागद नसेल तर लगेच मोबाइलवर बोलून ठेवा.