गाय पान्हा सोडते आणि देव सापडतो, ही गोष्ट आली कुठून

कोकणात चार देवळं फिरलात की ही गोष्ट कानावर पडतेच. गाय घरी दूध देईना, मालकाला गुराख्याचाच संशय, मग पाळत ठेवली तर ही बया रानात एका दगडावर उभी राहून पान्हा सोडतेय, जागा साफ केली तर खाली स्वयंभू देव. गणपतीपुळ्याला बाळंभटजी भिड्यांच्या नावाने हीच सांगतात, तिथे केवड्याचं बन आणि स्वप्नातला दृष्टांत जास्तीचा. (भिडे सगळ्यांना माहीत, गुराख्याचं नाव विचारा!) शंकराच्या देवळांत बऱ्याचदा अजून एक तुकडा असतो, कोणीतरी कोयता मारतो, दगडातून रक्त येतं.

पण हे कोकणापुरतं नाहीच. तिरुपतीच्या कथेत गाय वारुळात दूध सोडते, गुराखी कुऱ्हाड उगारतो आणि घाव देवाच्या डोक्यावर बसतो.

असे रिपीट होणारे तुकडे पद्धतशीर जमवायला सुरुवात झाली युरोपात. फिनलंडच्या आंटी आर्नेने १९१० ला लोककथांचे नंबर लावून प्रकार पाडले, मग अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसनने १९३२ ते ३६ मध्ये कल्पनाबंधांची, म्हणजे अशा सुट्या तुकड्यांची, सहा खंडांची सूची काढली, १९५८ ला योनास बालिससोबत भारतातल्या तोंडी कथांची वेगळी. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगला मानणारे म्हणतात असले आदिबंध, म्हणजे मूळ साचे, माणसाच्या मनातच असतात. मला ते इथे पटत नाही. आई, म्हातारा, राक्षस ठीक आहे, पण गाय, गुराखी, वारूळ, घाव एवढं नेमकं कॉम्बिनेशन मनातून आपोआप उगवेल का, ते गुरांमागे फिरणाऱ्या लोकांबरोबरच गावोगाव गेलं असणार. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांमध्ये राहून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावर काम करत होते, त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ चं, त्यातही गुरं राखणाऱ्यांचे देव आणि वारूळ सोबतच येतात.

आणि वारूळ म्हटलं की सिंधुदुर्ग-गोव्याकडची सातेरी. तिथे कोणी देव शोधून काढायची गरजच नाही, वारूळ हीच देवी, भूमीचंच रूप, रा. चिं. ढेरेंनी यावर भरपूर लिहिलंय. त्यामुळे माझा अंदाज असा की बऱ्याच ठिकाणी जागा आधीपासून पुजली जात होती, पिंड किंवा मूर्ती नंतर आली, आणि नवा देव इथे कसा काय हे गावाला सांगायला गाईसारखा साक्षीदार दुसरा कोण, तिच्यावर शंका घेणार कोण.