सवय लागायला २१ दिवसच लागतात का?

'२१ दिवस नेमानं करा, सवय लागलीच समजा,' हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. आकडा बहुधा १९६० मधल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आलेला. नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान तीन आठवडे लागत, एवढंच त्याचं म्हणणं. पुढे 'किमान' गळालं.

लंडनच्या एका अभ्यासात सवय मुरायला मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८, कुणाला गणिती अंदाजानं २५४. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. हे महत्त्वाचं! रोज हिशेब लिहायची सवय लावताना बाविसाव्या दिवशी वेचणीची मजुरी वहीत मांडायची राहिली, की माणूस 'आपल्यात दमच नाही' म्हणतो आणि स्वतःवरचा भरवसा उगाच घालवतो.

पडताळा घरीच घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. वावरातून आल्यावर कुणी न सांगता हात वहीकडे गेला, तर तिथं गोल काढा. शेजाऱ्याचा गोल वेगळ्याच महिन्यात असेल.