आदळलेली कार्बन फ्रेम: रंगाखाली काय झाले असेल?

उभी सायकल कलंडते, हँडल गर्रकन फिरते आणि ब्रेकच्या लिव्हरचे टोक वरच्या नळीवर आदळते. अॅल्युमिनियमच्या नळीला असा मार बसला तर पोचा येतो आणि नुकसान डोळ्यांना दिसते. कार्बनची नळी मात्र क्षणभर दबून मूळ आकारात परत येते. रंगावर जेमतेम एक ओरखडा उरतो, आणि आत थर सुटलेले असू शकतात.

या नळीची भिंत बऱ्याच ठिकाणी एक-दीड मिलिमीटरचीच असते. वेगवेगळ्या दिशांनी मांडलेले कार्बन तंतूंचे पातळ थर रेझिनने चिकटवून ती तयार होते. तंतू अत्यंत बळकट असले तरी दोन थरांना एकत्र धरून ठेवते ते केवळ रेझिन. मार बसताच त्याला बारीक चिरा जातात, त्या दोन थरांच्या मधोमध आडव्या पसरतात आणि आत जाताना नुकसान बहुधा रुंदावत जाते.

तंतू शाबूत असतील तर ओढ सोसण्याची ताकद फारशी घटत नाही; खरा घात होतो तो दाबाखाली. समजा, भिंतीचे सारख्या जाडीचे चार पापुद्रे सुटे झाले. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे एकेक पापुद्रा मूळ भिंतीच्या १/६४ आणि चारही मिळून जेमतेम १/१६ विरोध करतात. मग दाब आला की ते एकेकटे बाहेर फुगतात आणि सुटलेली जागा वाढत जाते. विमानाच्या भागांसाठी याच कारणाने १०० × १५० मिलिमीटरच्या पट्टीवर वजन पाडून नंतर ती दाबून पाहतात. अशा चाचणीत दाबाखालची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

घरी नाण्याने नळी हलकेच वाजवत जावे. खणखणीत आवाज एखाद्या जागी एकदम बद्द झाला, तर त्या फ्रेमवर बसू नये. सांध्यांजवळ भिंत जाड असल्यामुळे आवाज तसाही बदलतो, म्हणून तेथील निर्णय आम्ही अल्ट्रासाउंड तपासणीनंतरच देतो.

दुरुस्तीत सुटलेला भाग उतरत्या कडेने घासून काढून मूळ दिशांनुसार नवे थर बसवले जातात. पुढच्या फोर्कची दुरुस्ती मात्र आम्ही स्वीकारत नाही, कारण तो चालत्या सायकलवर तुटला तर स्वाराला सावरायला वेळच मिळत नाही. फ्रेम आणताना मार कुठे व कसा बसला ते कृपया सविस्तर सांगावे, आणि तपासणीपूर्वी ओरखड्यावर रंग लावू नये.