सगळ्या संख्यांची बेरीज उणे कशी?

“मामा, १ + २ + ३ + ४ + … असं कायम मिळवत गेलं तर उत्तर उणे एक बारांश येतं म्हणे!” भाचीने मोबाईल पुढे केला. खाली रामानुजनांचा फोटो आणि पाच ओळींची ‘सिद्धता’.

चूक शोधायची तर आधी बेरीज म्हणजे काय ते पाहू. बेरीज एका वेळी दोनच संख्यांची होते. तीन असतील तर आधी दोन मिळवायच्या, मग तिसरी. कंस कुठेही घाला, (५ + ३) + २ आणि ५ + (३ + २) यांचं उत्तर १०च. शाळेत आपण याला साहचर्य गुणधर्म म्हणतो. पण ही हमी दहा, हजार, कोटी संख्यांपुरती आहे. संख्या संपणारच नसतील तर ती आपोआप मिळत नाही.

१ − १ + १ − १ + … घ्या. (१ − १) + (१ − १) + … असे कंस घातले तर ०. पहिला १ बाहेर ठेवून १ + (−१ + १) + … केलं तर १! इटलीतले साधू आणि गणिती गुइडो ग्रांडी यांना १७०३ साली यात शून्यातून सृष्टी निर्माण होण्याला आधार दिसला. खरं तर टप्प्याटप्प्याच्या बेरजा १, ०, १, ० अशा हेलकावत राहतात, कुठेच स्थिरावत नाहीत. याउलट अर्धी भाकरी, मग पाव, मग अष्टमांश… या बेरजा १/२, ३/४, ७/८ अशा १च्या हव्या तितक्या जवळ जातात, म्हणून तिथे ‘बेरीज १’ म्हणता येतं.

आता ती सिद्धता. तिची सुरुवातच ‘बेरीज ब मानू’ अशी आहे. ब नावाची संख्या आहे, हे कुणी दाखवलं? त्याच युक्त्या आपण वापरून बघू.

ब = १ + २ + ३ + …
ब = ० + १ + २ + …

वरच्यातून खालचं वजा केलं की ० = १ + १ + १ + …. हीच ओळ एक घर सरकवून पुन्हा वजा करा: ० = १. ज्या युक्तीने ० = १ निघतं, तिने काहीही सिद्ध करता येतं. सिद्धता संशयास्पद वाटली की मी हे नेहमी करून पाहतो.

‘देवीने स्वप्नात सांगितलेलं सूत्र’ ही फॉरवर्डमधली ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. फेब्रुवारी १९१३मध्ये इंग्रज गणिती हार्डींना हे उत्तर कळवताना रामानुजनांनी ‘माझ्या सिद्धांतानुसार’ असं स्पष्ट लिहिलं होतं. वाचणारा आपल्याला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवील, हेही त्यांनी लिहिलं. ही नेहमीची बेरीज नव्हे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

−१/१२ येतं ते झीटा फलनातून. फलन म्हणजे एक संख्या घातली की दुसरी संख्या देणारा नियम; इथे घालायची संख्या s. १ + १/२ˢ + १/३ˢ + … ही बेरीज s एकापेक्षा मोठा असेल तरच स्थिरावते; s = २ला ती π²/६ भरते. जर्मन गणिती रीमानने १८५९मध्ये हे फलन त्या हद्दीपलीकडे वाढवलं. s = −१ घातलं की वरची बेरीज १ + २ + ३ + … अशी दिसते. s = −१ला फलनाची किंमत −१/१२ आहे, पण तिथे ते फलन या बेरजेने मिळत नाही.