रक्तदाबावर लक्ष ठेवणारे मूत्रपिंड

मूत्रपिंड म्हणजे चहाच्या गाळणीसारखा अवयव, असे चित्र शाळेपासून आपल्या मनात ठसलेले असते, आणि त्याच समजुतीच्या बळावर ‘किडनी साफ करणारे’ काढे आणि चूर्णे खपतात. वास्तविक मूत्रपिंडात साफ करण्याजोगा गाळ साचतच नाही, कारण रक्तपेशी आणि प्रथिने गाळली न जाता रक्ताबरोबर पुढे निघून जातात. उलट, 1990च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या वनस्पतिजन्य औषधांतील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. तेव्हा ‘वनस्पतीचे आहे म्हणजे निर्धोक आहे’ हा समज सोडलेला बरा.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नलिका, असतात आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांतून रक्त शिरेकडे जाते. येथे मात्र ते पुन्हा एका बारीक धमनीत शिरते. आत आणणारी आणि बाहेर नेणारी अशा दोन आकुंचन पावू शकणाऱ्या धमन्यांच्या मध्ये गुच्छ असल्यामुळे त्यातला दाब चढा राहतो आणि त्या दाबाने दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळजवळ 99 टक्के पुढच्या नलिकेत परत शोषला जातो आणि दीड लिटरच्या आसपास लघवी उरते.

या रचनेतला सर्वांत विलक्षण भाग पुढे आहे. नेफ्रॉनची नलिका मूत्रपिंडात खोलवर उतरते, वळून वर येते आणि ज्या गुच्छापासून ती निघाली त्याच गुच्छाच्या दोन धमन्यांमधल्या बेचक्यात येऊन टेकते. तेथे तिच्या भिंतीत ‘मॅक्युला डेन्सा’ नावाच्या दाटीवाटीने बसलेल्या पेशी असतात. समोरून वाहणाऱ्या द्रवात मीठ किती आहे, हे त्या पेशी सतत अजमावतात. गाळण्याचा वेग वाढला की नलिकेला मीठ शोषून घ्यायला पुरेसा अवधी मिळत नाही आणि ते येथपर्यंत जास्त प्रमाणात पोहोचते; मग या पेशींच्या संदेशाने आत आणणारी धमनी आकसते आणि वेग उतरतो. मीठ कमी आले, तर ती धमनी सैलावते आणि तिच्या भिंतीतल्या पेशी रेनिन हे विकर रक्तात सोडतात. त्या धमनीतला दाब उतरला किंवा चेतातंतूंनी इशारा दिला तरीही रेनिन स्रवते.

यकृताने तयार केलेल्या एका प्रथिनाचा तुकडा रेनिन तोडते. मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील एसीई या विकरामुळे त्या तुकड्याचे अँजिओटेन्सिन-2 बनते. ते सर्व शरीरातल्या बारीक धमन्या आवळते, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवून घेऊन मीठ व त्यामागोमाग पाणी शरीरात राखते. दोन्हींमुळे रक्तदाब चढतो.

ही यंत्रणा केवळ आपल्या दाराशी येणाऱ्या रक्तावरून निष्कर्ष काढते, हा तिचा कच्चा दुवा आहे. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने अंशतः आवळली, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढून चढाच राहिला. मूत्रपिंडाला रक्त कमी दाबाने मिळत होते, म्हणून ते रेनिन सोडत राहिले. माणसातही मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाल्यास हेच घडते.

रक्तदाबावरची एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे एसीईलाच अडवतात. अँजिओटेन्सिन-2 गुच्छातून बाहेर नेणारी धमनी विशेषकरून आवळते. ते घटले की ती सैलावते, गुच्छातला दाब उतरतो, आणि मधुमेहात लघवीवाटे जाणारी प्रथिनेही कमी होतात. मात्र मूत्रपिंडांच्या दोन्ही धमन्या आधीच अरुंद असतील, तर गुच्छातला दाब या आवळण्यावरच टिकून असतो आणि औषधाने गाळण्याचे काम एकाएकी मंदावू शकते. म्हणून ही औषधे सुरू केल्यावर डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ) आणि पोटॅशियम तपासून घ्यायला सांगतात.