'स्पोर्ट' बटण आणि आकाशातली खुंटी

काही गाड्यांत 'स्पोर्ट' बटण दाबलं की शॉकअप कडक होतात; त्याने गाडी रस्त्याला चिकटते, हा समज जाहिरातींनी पक्का केलाय. गुळगुळीत रस्त्यावर ठीक आहे. खडबडीत रस्त्यावर कडक शॉकअपमुळे चाक उंचवट्यावरून उडतं, आणि हवेतल्या टायरला पकड कुठली?

मुळात गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप तिचं हिंदकळणं आवरतो: पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल ढकललं जातं आणि गतीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. बॉडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा हिंदकळते, चाक १०-१५ वेळा. बॉडीचं हिंदकळणं थांबवायला शॉकअप कडक हवा, पण कडक शॉकअप रस्त्याची खरखर थेट सीटपर्यंत आणतो.

यावरची सुंदर युक्ती १९७४ मध्ये अभियंते कार्नॉप आणि सहकाऱ्यांनी मांडली. समजा, बॉडी शॉकअपने चाकाला नव्हे, आकाशातल्या एका स्थिर खुंटीला बांधलीय. मग रस्ता कसाही असो, बॉडी शांत! खुंटी नाही, पण तिची नक्कल करता येते. बॉडी वर जातेय आणि शॉकअप ताणला जातोय, तर तो बॉडीला खाली खेचेल, कडक करा. बॉडी वर जातेय, पण चाक त्याहून वेगाने वर येऊन शॉकअप दाबतंय, तर तो बॉडीला आणखी वर ढकलेल, सैल सोडा. बॉडी खाली जाताना सगळं उलट. गाडीतला कॉम्प्युटर हा निर्णय सेकंदाला शेकडो वेळा घेतो.

कडकपणा बदलायला कुठे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (तेलाची वाट विजेने कमी-जास्त करणारी झडप) असतो, कुठे काही मायक्रॉनचे लोहकण मिसळलेलं तेल. पिस्टनमधल्या कॉइलला करंट दिला की कणांच्या साखळ्या बनतात आणि काही मिलिसेकंदांत तेल घट्ट होतं. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये हे प्रथम आलं. अशा शॉकअपला 'मॅग्नेटिक' म्हणतात, पण म्हणून गाडी चुंबकावर तरंगते असं मात्र नाही.

वळणावर शॉकअप गाडीचं कलणं फक्त हळू करतो. लांब, एकसारख्या वळणात ती शेवटी किती कलणार हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, कलणं आवरणारी दांडी) ठरवतात. फरक जाणवतो तो स्टिअरिंग फिरवताक्षणी, लेन बदलताना आणि ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं तेव्हा.

बिघाड बऱ्याचदा किरकोळ असतो: हाइट सेन्सरची (बॉडी चाकापासून किती उंच आहे ते मोजणाऱ्या सेन्सरची) छोटी लिंक तुटते, कनेक्टरला गंज चढतो. डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, कडकपणा एका ठरावीक पातळीवर अडकतो, गाडी चालत राहते. अशा शॉकअपच्या जागी साधा शॉकअप बसवला तर कॉम्प्युटरला कॉइल सापडत नाही आणि दिवा विझत नाही. हाइट सेन्सर काढला-बसवला असेल तर सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे सेन्सरचं माप पुन्हा जुळवावं लागतं. झिजलेल्या बुशची (सांध्यातल्या रबराची) खडखड मात्र कुठल्याही मोडमध्ये तशीच ऐकू येणार.