इंजिन मिसिंग कधी मारतंय ते आधी बघा, कार्ब्युरेटर नंतर खोला

जुना पेट्रोलवर चालणारा, कार्ब्युरेटरवाला ट्रक झटके मारायला लागला की बहुतेक लोकांचा पहिला पाना कार्ब्युरेटरलाच (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) लागतो आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा त्या कार्ब्युरेटरचा काहीच दोष नसतो. पण त्याचा मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) एकदा फिरवून बसलात की मूळ दोष तसाच राहतो आणि त्याच्यावर दुसरा चढतो, मग शोधत बसा. त्यापेक्षा पाना हातात घ्यायच्या आधी एवढंच नीट बघायचं की इंजिन नक्की कधी मिसिंग मारतंय, म्हणजे सिलेंडर पेटायचा कधी चुकतोय. थंड असताना, आयडलिंगला (पाय न देता गाडी उभी चालू असताना), की चढावर लोड आल्यावर? अर्धं निदान इथेच होतं, आणि त्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे.

आयडलिंगला थरथर आहे पण रेस दिली की इंजिन गुळगुळीत चालतं, असं असेल तर आधी व्हॅक्यूम लीकवर, म्हणजे कुठूनतरी चोरून आत येणाऱ्या हवेवर, संशय घ्यायचा. कार्ब्युरेटर काम करतो ते हवेच्या दाबावर: नळी मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब पडतो, बर्नुलीने 1738 मध्ये मांडलेलं तत्त्व हेच, आणि पडलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. जेवढी हवा तेवढं पेट्रोल, वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल. पण ही मोजणी होते ती फक्त कार्ब्युरेटरमधून गेलेल्या हवेची. खालच्या गॅस्केटमधून, चिरलेल्या रबरी नळीतून किंवा झिजलेल्या थ्रॉटलच्या (हवा कमीजास्त करणारी झडप) शाफ्टच्या कडेने जी हवा चोरून आत घुसते तिच्या वाट्याचं पेट्रोल कोणी मोजलेलंच नसतं, त्यामुळे मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि कधी पेटतं कधी नाही.

मग हे आयडलिंगलाच का? समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 30 इंच पारा असतो. चांगलं इंजिन आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरपासून सिलेंडरपर्यंतच्या नळ्या) 17 ते 21 इंच व्हॅक्यूम ओढतं, म्हणजे आत उरतो फक्त 9 ते 13 इंच दाब. आतला दाब बाहेरच्या साधारण 53 टक्क्यांखाली गेला की भोकातून घुसणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि मग व्हॅक्यूम आणखी वाढला तरी तेवढ्या भोकातून जास्त हवा जाऊच शकत नाही. बारीक लीकमधून जो सूंऽऽ आवाज येतो ना, तो हाच. म्हणजे इंजिन स्वतः सगळ्यात कमी हवा घेत असतं तेव्हाच लीक मात्र पूर्ण जोरात वाहत असतो. थ्रॉटल उघडला की इंजिन कितीतरी पट हवा घेतं, व्हॅक्यूम पडतो, आणि तोच लीक त्या सगळ्या हवेत कुठल्या कुठे हरवून जातो. शोधायला रबरी पाईपचा एक तुकडा पुरतो, एक टोक कानाला, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या जोडांवरून हळूहळू फिरवायचं (फॅन आणि बेल्टपासून लांब राहून). गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून लीक शोधणारे लोक आहेत, पण त्यात आग लागू शकते, मी तो सल्ला देणार नाही.

आता उलटी केस. आयडलिंग मस्त, पण चढावर किंवा माल भरला की फटफट. इथे फिजिक्स पूर्ण पलटतं. थ्रॉटल उघडा, सिलेंडरमध्ये मिक्श्चर जास्त भरलेलं, त्यामुळे स्पार्कच्या वेळी दाब खूप जास्त. फ्रीडरिश पाशेनने 1889 मध्ये दाखवलं होतं की दोन टोकांमधल्या गॅसमधून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल हे दाब गुणिले अंतर यावर ठरतं. म्हणजे दाब वाढला की व्होल्टेज जास्त लागतं, प्लगचा गॅप झिजून वाढला असेल तर आणखी जास्त. ते व्होल्टेज तयार करणारी कॉईल थकलेली असेल तर ते व्होल्टेज येतच नाही, आणि आलं तरी वीज सोपा रस्ता शोधते. डिस्ट्रिब्युटरचं (प्रत्येक प्लगला वीज वाटणारा भाग) कॅप काढून उजेडात तिरकं धरून बघा, आतल्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे, स्पार्क प्लगला न जाता तिथूनच पळतो. वायरींचं पण तसंच, रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर तडकलेल्या वायरीवर निळ्या ठिणग्या स्वच्छ दिसतात. सीबी पॉइंट (कॉईलचा करंट तोडून स्पार्क पाडणारे) जळून काळे पडले असतील तर कंडेन्सरपण बघायचा, नुसते पॉइंट बदलून ते परत जळतात.

आणि कार्ब्युरेटरवर खोटा आळ येतो तो इथेच. स्पार्क चुकला की न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं, पेट्रोलचा वास येतो, प्लग ओला निघतो, मग सगळे म्हणतात मिक्श्चर रिच झालंय (पेट्रोल जास्त झालंय) आणि स्क्रू आवळतात. दोष विजेचा, शिक्षा कार्ब्युरेटरला!

लोडवर पेट्रोल कमी पडलं तरी गाडी मरते, पण त्याची चाल वेगळी असते. स्पार्कचा झटका तोडल्यासारखा, लगेच येतो. पेट्रोलची टंचाई मात्र जरा उशिरा जाणवते, कारण कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं संपेपर्यंत इंजिन ओढत राहतं आणि मग हळूहळू दम सोडतं. अशा वेळी फिल्टर, पंपाचा डायफ्रॅम, आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघायचं. झाकण जरा सैल करून गाडी सुधारली तर झालं निदान.

सगळ्याच वेगाला एकसारखं मिसिंग असेल तर एखादा सिलेंडर मेलाय. 600 आरपीएमला प्रत्येक सिलेंडर सेकंदाला 5 वेळा पेटतो, त्यामुळे सायलेन्सरच्या मागे हात धरला तर तो ठराविक अंतराने येणारा खड्डा हाताला कळतो. कोणता सिलेंडर ते शोधायला एकेक प्लगची वायर काढून इंजिनच्या धातूला टेकवून अर्थ करायची (इन्सुलेटेड पक्कडच वापरा, तिथे हजारो व्होल्ट असतात), जिची काढल्यावर इंजिनचा आवाज पडत नाही तो आपला आरोपी. मग प्लग काढून त्या भोकाला गेज लावून कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा, बाकीच्या सिलेंडरांचंही. बाकीच्यांपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त कमी आलं तर त्या भोकात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा, वाढलं तर पिस्टन रिंगा गेल्या, नाही वाढलं तर बहुतेक व्हॉल्व बसत नाहीये, आणि शेजारचे दोन सिलेंडर मिळून कमी असतील तर हेड गॅस्केट. इंजिन थंड असताना नीट आणि गरम झाल्यावर मिसिंग असेल तर टॅपेटचा (व्हॉल्व ढकलणारा भाग) गॅप पण तपासा, फार कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बंदच होत नाही.

हे सगळं ठीक निघालं, टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) बरोबर आहे, मगच मिक्श्चर स्क्रू. व्हॅक्यूम गेज लावायचा, इंजिन पूर्ण गरम करायचं, आणि स्क्रू हळूहळू फिरवत काटा जिथे सगळ्यात वर आणि स्थिर राहतो तिथे थांबायचं. स्क्रू पूर्ण आत आवळला तरी इंजिनला काही फरकच पडत नसेल, तर आयडलिंगचं बारीक छिद्र तुंबलंय किंवा थ्रॉटल इतका उघडा राहिलाय की पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येतंय. आता कार्ब्युरेटर खोलायला हरकत नाही.